नाले साफ, पंप चालू, तरी तळमजल्यात पाणी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईच्या पश्चिम उपनगरातली, १९८०च्या दशकात बांधलेली चार मजली सोसायटी. जवळच नाला आहे. गेले तीन पावसाळे तळमजल्याच्या घरांत गुडघाभर पाणी शिरतंय आणि मीटररूम भिजते. वॉर्ड ऑफिसचं उत्तर ठरलेलं: नालेसफाई झाली आहे, त्या दिवशी पाऊस जास्त होता, वर भरती होती. महापालिका दर वर्षी एवढे कोटी खर्च करते, ते जातात कुठे? सोसायटीने नेमकं काय मागावं? मालमत्ता कर थांबवला तर दबाव येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. कर थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड चढत राहतो, आणि ज्या विभागाचा कर थांबतो तो गटार बांधणारा विभागच नसतो. तुमचं पत्र मात्र ‘थकबाकीदार सोसायटी’ म्हणून बाजूला पडतं.

मी पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात नोकरीची बहुतेक वर्षं काढली. ‘सगळा पैसा खाल्ला’ हे लोकांचं म्हणणं आणि ‘सगळं नियमाप्रमाणे झालंय’ हे खात्याचं म्हणणं, दोन्ही मला अर्धवट वाटतात. पैसा खर्च होतो, आणि बराचसा खऱ्या कामांवर होतो. पण तो पाण्याच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे समुद्राजवळ, जास्त पडतो. तुमच्या फाटकापासून नाल्यापर्यंतच्या दोनशे मीटरला कुणी वाली नसतो. आणि त्या दोनशे मीटरांत सगळा खेळ पातळ्यांचा आहे.

आधी थोडा हिशेब. मुंबईची जुनी पर्जन्य गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. १९८५च्या पुरानंतर सल्लागार नेमले गेले आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ (बृहन्मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याचा) अहवाल आला. त्याने सांगितलं की तासाला ५० मिलिमीटर धरा आणि मुरणं शून्य धरा, कारण उघडी माती उरलेलीच नाही. म्हणजे गटाराने वाहायचं पाणी दुप्पट नाही, चौपट झालं. हा अहवाल बराच काळ कपाटात राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला (कुलाब्याला त्याच दिवशी ७५ च्या आतच), तेव्हा कुठे तो बाहेर निघाला. २००७ मध्ये केंद्राने सुमारे बाराशे कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली, आणि पुढे अंदाजपत्रक फुगत गेलं.

तासाला ५० मिलिमीटर म्हणजे किती, हे तुमच्या आवारावर मोजून बघा. चार हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तासात दोन लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. हे फक्त तुमचं पाणी झालं. वरच्या गल्लीतून उतरून येणारं वेगळं.

आता टोकाची गोष्ट. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात किंवा खाडीत सोडणारी १८६ पातमुखं आहेत. त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, आणि भरतीच्या पातळीच्या वर असलेली फक्त सहा. बाकीची भरतीत बुडतात. म्हणून पंपिंग स्टेशनं आली: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. आठ ठरली होती, सहा झाली. मोगरा आणि माहुल ही दोन जागेच्या वादात वर्षानुवर्षं अडकली. माहुलची जागा मिठागराची, केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या ताब्यातली. मोगऱ्याला मालकीचा वाद आणि कोर्ट. पैसा मंजूर असून जमीन नाही, हे या शहराचं जुनं दुखणं. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद का होतो, याचं उत्तर बरंचसं मोगऱ्याच्या या अडकलेल्या स्टेशनात आहे.

या स्टेशनांवरचा एक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फेकतो. यंत्रं चांगली आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण पंप त्याच्यापर्यंत आलेलं पाणीच उचलतो. दादरच्या हिंदमाता परिसराचं उदाहरण घ्या. रे रोडचं ब्रिटानिया पंपिंग स्टेशन २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हा हिंदमाताचा प्रश्न मिटेल असं सांगितलं गेलं. मिटला नाही, कारण हिंदमाता आजूबाजूच्या परिसरापेक्षा खोलगट आहे आणि तिथलं पाणी पंपापर्यंत पोचायलाच वेळ लावतं. शेवटी पाणी जिथे साचतं तिथेच जवळ, प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधून ते तात्पुरतं साठवायची सोय केली. त्याने फरक पडला. पण २६ मे २०२५ रोजी मान्सून वेळेच्या बराच आधी येऊन थडकला, तेव्हा तिथले छोटे उपसा पंप वेळेत सुरू झाले नव्हते. हिंदमाता पुन्हा तुंबलं आणि चालवणाऱ्या ठेकेदारांना दंड झाला. कोट्यवधींची टाकी आणि पंप चालू करणारा माणूस, दोन्ही लागतात.

तर तुमच्याकडे येऊ. वॉर्ड ऑफिसात जाण्याआधी सोसायटीने एक काम करायचं: पाणी कसं येतं ते बघायचं. हे कुणीच करत नाही. सगळे पाणी किती आलं याचे फोटो काढतात. फुटांचा आकडा बातमीला उपयोगी, इंजिनिअरला नाही. आम्हाला लागते ती वेळ आणि दिशा.

जोराचा पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पाणी चढलं आणि पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात उतरलं, तर दोष जवळचा आहे. जाळी तुंबलेली, चेंबर मातीने भरलेलं, किंवा रस्त्याकडेचं गटार अपुरं. पाऊस थांबूनही पाणी तसंच उभं राहिलं आणि ओहोटी लागल्यावरच हललं, तर नाला फुगलेला आहे आणि तुमचं गटार त्यात ओतूच शकत नाही. अशा वेळी गल्लीतली जाळी दहा वेळा साफ केली तरी उपयोग शून्य. आणि पाणी फाटकातून आत न येता आवारातल्याच चेंबरचं झाकण उचलून खालून वर आलं, तर तो उलटा प्रवाह: नाल्याचं पाणी तुमच्याच पाइपातून तुमच्याकडे येतंय. चौथा प्रकार काळ्या, वासाच्या पाण्याचा. ते मलवाहिनीचं. मुंबईत सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांची जाळी वेगळी, खातीही वेगळी. मलनिस्सारणाची तक्रार पर्जन्य जलवाहिनीकडे दिली की ती महिनाभर टेबलं बदलत फिरते.

म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर ऑइलपेंटने सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या आणि वॉचमनला वहीत वेळ लिहायला सांगा: पाणी कधी चढायला लागलं, कधी थांबलं, कधी उतरलं. भरतीचा तक्ता सगळीकडे मिळतो. एका पावसाळ्याची ही वही ज्या सोसायटीकडे असते, तिच्याशी बोलताना ‘भरती होती’ हे उत्तर देणं कनिष्ठ अभियंत्याला जड जातं. त्या दिवशी पाणी ओहोटीत चढलं असेल तर तो गप्प बसतो.

आता पातळ्या. तुमच्या प्रश्नातला ‘गेले तीन पावसाळे’ हा शब्दप्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इमारत चाळीस वर्षांची, नाला त्याहून जुना. मग तीन वर्षांपूर्वी काय बदललं? बहुतेक वेळा उत्तर दोनांपैकी एक निघतं: रस्ता काँक्रिटचा झाला, किंवा शेजारी टॉवर उभा राहिला. दोन्ही झालं असेल तर विचारायलाच नको.

टॉवरचं कसं असतं बघा. बांधकामाच्या परवानगीत एक ठरलेली अट वर्षानुवर्षं छापून येते: सखल भूखंड किमान ९२ टी.एच.डी. किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच, यांतलं जे जास्त असेल तितका भरून घ्यायचा, दाबायचा आणि रस्त्याकडे उतार द्यायचा. टी.एच.डी. म्हणजे टाउन हॉल डेटम, फोर्टातल्या टाउन हॉलच्या खुणेवरून मुंबईत मोजली जाणारी उंची. अट त्या इमारतीपुरती शहाणपणाची आहे. पण तिचं पाणी आता रस्त्यावर येतं. रस्त्याचं काँक्रिट होतं. काम करताना जुना रस्ता पुरेसा खोल खणला, तर नवा माथा जिथल्या तिथे राहतो. पण खाली केबल, गॅस, पाण्याची लाइन कमी खोलीवर असते, ठेकेदाराला ते हलवण्याची कटकट नको असते, मग कमी खणून वर ओततात. रस्ता वीतभर उंच होतो. पुढचा टॉवर त्या नव्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर. अशी गल्ली वर वर चढत जाते आणि १९८०च्या दशकातल्या जोत्यावर बसलेली तुमची इमारत जागेवरच बशीचा तळ होऊन बसते. यात कुणी नियम मोडलेला नसतो, हीच पंचाईत.

२०२३च्या सुरुवातीला महापालिकेने सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सहा हजार कोटींहून मोठी कामं दिली, पुढे दुसरा टप्पाही आला. पूरनियंत्रणाच्या पैशाबद्दल लोक विचारतात, रस्त्यांच्या पैशाबद्दल खड्ड्यांपलीकडे विचारत नाहीत. माझ्या मते घरात पाणी शिरण्याचा निकाल अलीकडे पंपिंग स्टेशनपेक्षा रस्त्याच्या निविदेत जास्त लागतो. रस्त्याचं काम चालू असतानाच त्याकडेचं गटार मोठं करता येतं, जाळ्या योग्य ठिकाणी बसवता येतात. एकदा काँक्रिट पडलं की ते फोडायला कुणी परवानगी देत नाही.

तुम्ही घरच्या घरी पडताळा घेऊ शकता. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब असते. एक टोक तुमच्या जोत्याला, दुसरं रस्त्याच्या मध्याला धरा आणि फरक लिहा. मग फाटकाजवळच्या चेंबरला, मग गल्लीच्या तोंडाला. अर्ध्या दिवसाचं काम आहे. जमलं तर सर्वेअर आणून टी.एच.डी.मध्ये पातळ्या काढून घ्या, कारण खात्याचे नकाशे त्याच मापात असतात. एक सावधगिरी: भरतीच्या तक्त्यातली उंची (समजा साडेचार मीटर) आणि टी.एच.डी. यांचं शून्य एक नाही. सोसायट्यांच्या पत्रांत हे दोन आकडे थेट एकमेकांतून वजा केलेले मी पाहिलेत, आणि तेवढ्यावरून अख्खं पत्र उडवलेलंही पाहिलंय.

नालेसफाईवर प्रत्येक मे महिन्यात सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून त्यावरही लिहितो, जरी तुमच्या प्रकरणात ते मूळ कारण असेल असं मला वाटत नाही. सफाईचे पैसे गाळाच्या वजनावर दिले जातात. वजनकाट्याची पावती, गाडीचा जीपीएस, आधीचे-नंतरचे व्हिडिओ असं सगळं आता असतं. तरीही २०२५ मध्ये मिठी नदीच्या गाळाच्या कामात ६५ कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. वजनावर पैसे दिले की वजन आणलं जातं. तुम्हाला टनांशी देणंघेणं नाही, तळाशी आहे. बांधीव नाल्याला काँक्रिटचा तळ असतो. पुलावरून लांब बांबू सोडा. टणक लागला तर साफ, भसकन घुसला तर तेवढा गाळ. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्याच जागी मोजा. वर तरंगणाऱ्या थर्माकोल-प्लॅस्टिकवरून मत बनवू नका. ते कालच्या रात्रीत वरच्या वस्तीतून आलेलं असू शकतं, आणि ते काढल्याचे फोटोच सगळ्यात छान येतात.

नाला रेल्वेखालून जात असेल तर तिथेही बघा. रुळांखालची मोरी बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंच्या नाल्यापेक्षा अरुंद आहे. नाला रुंद करण्यावर कितीही खर्च झाला तरी गळा तोच राहतो. सँडहर्स्ट रोडला रुळांखालून मायक्रोटनेलिंग करून मोठी वाहिनी टाकली, तेव्हा तिथे फरक दिसला. पण त्याला रेल्वेची परवानगी, ब्लॉक, वर्षं लागतात.

आता मागायचं काय. ‘पाण्याचा निचरा करावा ही विनंती’ असं पत्र देऊ नका. त्याला ‘नोंद घेतली’ हे उत्तर पुरतं. एका पानावर आकृती काढा: तुमचं जोतं, रस्ता, फाटकाजवळचं चेंबर, पुढचं चेंबर, नाल्यात पाइप पडतो ती जागा. तुमच्या हातात असलेल्या पातळ्या भरा आणि बाकीच्या रिकाम्या ठेवून खात्याकडे मागा. विशेषतः प्रत्येक चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपाच्या आतल्या तळाची उंची. पुढचा इन्व्हर्ट मागच्यापेक्षा वर निघाला तर चर्चा तिथेच संपली: पाणी चढावर जात नाही. असं निघतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं, कारण पाइप मध्येच कुठल्या तरी केबलला चुकवण्यासाठी उचललेला असतो.

दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये आणि तीस दिवस. पण ‘माहिती द्या’ म्हणण्याऐवजी ‘कागदपत्रांची पाहणी करायची आहे’ असं लिहा. समोर बसून रस्त्याच्या कामाचं मोजमाप पुस्तक बघा, त्यात आधीच्या आणि नंतरच्या पातळ्या लिहिलेल्या असायला हव्यात. शेजारच्या टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नसेल तर घाई करा. पर्जन्य वाहिनीचं काम पूर्ण झाल्याचा दाखला त्याआधी लागतो. बिल्डरकडून बाहेरचं गटार मोठं करून घ्यायची हीच वेळ असते; एकदा ताबा दिला की तो फोन उचलत नाही.

सोसायटीच्या हद्दीतली गटारं महापालिकेची नाहीत, हे मात्र मान्य करा. १८८८च्या महापालिका कायद्याचं कलम ६१ गटारांची बांधणी आणि सफाई हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य सांगतं, पण ते सार्वजनिक गटारांबद्दल. पार्किंगच्या लाद्या टाकताना आवारातलं गटार बुजवलेल्या सोसायट्या थोड्याथोडक्या नाहीत. उलट्या प्रवाहासाठी शेवटच्या चेंबरला एकाच दिशेला उघडणारी झडप बसवा. झडप बंद झाली की आतलं पावसाचं पाणीही अडतं, म्हणून सोबत खड्डा आणि पंप लागेल, आणि त्या पंपाची वीज बुडणाऱ्या मीटररूममधून घेऊ नका. मीटररूम वर उचलण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करा. पुनर्विकास अजून दूर असला तरी हे थांबवू नका.

भर पावसात रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका, पाणी कितीही चढलेलं असो. २९ ऑगस्ट २०१७ रोजी एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. पंप हवा असेल तर १९१६ वर फोन करा. घरातल्या नुकसानीचा पंचनामा पालिका करत नाही. ते महसूल खात्याचं, तहसीलदार कार्यालयाचं काम. सामान फेकण्याआधी तिथे कळवा.

आणि वेळ. जूनमधल्या तक्रारीला पंप मिळतो, कारण जूनमध्ये खणायची मुभा नसते. आयुक्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्थसंकल्प मांडतात, त्यासाठी वॉर्डातले प्रस्ताव दिवाळीच्या आसपास तयार होतात. म्हणजे तुमचं पत्र, आकृती आणि वॉचमनची वही सप्टेंबरअखेर सहाय्यक आयुक्तांच्या टेबलावर हवी, प्रत पर्जन्य जलवाहिनीच्या कार्यकारी अभियंत्यांना आणि नगरसेवकाला. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते आणि अशा छोट्या कामांसाठी फाइलमागे धावणारा माणूस नव्हता, हे तुमच्या तीन पावसाळ्यांशी जुळतं. मागताना नालेसफाई मागू नका. तो महसुली खर्च आहे, दर वर्षी होणारच. भांडवली काम मागा: अमुक चेंबरपासून नाल्यापर्यंत अमुक व्यासाची वाहिनी, अमुक उतार. ‘प्रस्तावित आहे’ असं उत्तर आलं तर कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि किती रक्कम, ते लेखी विचारा. निविदा निघाली की तिच्यातला परिमाणांचा तक्ता उघडून बघा. पाइपाची लांबी तुमच्या गल्लीशी जुळते की शेजारच्या, ते तिथे कळतं.